पाठीमागचे पाणी, पाठीमागचा डोंगर

गिरगावात १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. त्यांची लक्ष्मी छापील चित्रांतून मराठी घरांत इतकी रुळली, की लक्ष्मी म्हटले की आजही डोळ्यांपुढे तीच उभी राहते. ती कमळावर उभी आहे, हातांत कमळे आहेत, बाजूला हत्ती आहे. तिच्या पायाखालचे कमळ तळ्यात उमललेले आहे आणि तळ्यापलीकडे झाडी फिकट होत दूर गेली आहे. चाळीतल्या खोलीत, पेढीवर, दुकानाच्या गल्ल्यावर शंभराहून अधिक वर्षे या चित्राला उदबत्ती ओवाळली गेली, हार चढले, धुराने काच काळवंडली. तळ्याकडे मात्र कुणी थांबून पाहिले नाही. नमस्कार देवीला होता, तळे तिच्यासाठी होते.

हे तळे तिथे कसे आले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या जुन्या लघुचित्रांत पाणी असे, डोंगरही असत, पण जवळचे गडद आणि दूरचे फिके, जवळचे तपकिरी आणि दूरचे निळसर, अशी हवेने भरलेली खोली त्यांत क्वचितच असे. ती रीत युरोपी चित्रांतून आली, कलाशाळांतून आली, आणि छापखान्याच्या दगडावरून थेट देव्हाऱ्यात पोचली. म्हणजे निसर्गचित्र मराठी घरात शिरले ते देवीच्या पाठीमागून.

पुढेही ते पाठीमागेच राहिले. संगीत नाटकांच्या काळात जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा असे पडदे रंगवून घेतले जात. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांचे नाव होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणीतून सुटून आलेला कामगार बाकावर बसे, तेव्हा समोरच्या पडद्यावर त्याला दूर जाणारी वाट आणि क्षितिजावरचा डोंगर दिसे. फोटो स्टुडिओत नवराबायकोला उभे करायचे ते तळ्याच्या पडद्यापुढे. लालबाग-चिंचपोकळीच्या गणपतींच्या देखाव्यांत हिमालय आणि मानससरोवर थर्माकोल येण्याच्या आधीपासून आहेत, आणि ते रंगवणाऱ्यांचे हात फार तयारीचे असतात. खोलीतल्या कॅलेंडरवर स्वित्झर्लंडचे एखादे तळे वर्षभर टांगलेले असे. परळच्या माणसाने निसर्गचित्र पाहिलेच नाही, असे म्हणणारे अज्ञानी आहेत. त्याने भरपूर पाहिले. पण प्रत्येक वेळी त्या निसर्गापुढे दुसरे कुणीतरी उभे होते: देवी, नट, नवरानवरी, गणपती, नाहीतर तारखांचे चौकोन.

या पुस्तकातली चित्रे पाहताना ती पुढची आकृती दूर करावी लागेल. ही प्रस्तावना त्यासाठी आहे.

युरोपात साधारण १७८० ते १८५० या काळात चित्रकारांनी हेच केले. त्याआधी तिथेही डोंगर आणि पाणी बहुधा पार्श्वभूमीला असत. पुढे पुराणकथेतली किंवा बायबलातली माणसे असत. निव्वळ निसर्गाचे चित्र खालच्या पायरीवरचे मानले जाई. रोमँटिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिढीने ही उतरंड मोडली. डोंगर, सरोवर, ढग, पहाट यांनाच त्यांनी नायक केले आणि माणसाला मुंगीएवढा करून कोपऱ्यात ठेवला. मुंगीएवढा का होईना, ठेवला. कारण त्याच्याशिवाय डोंगर केवढा हे कळत नाही. अशा चित्रात प्रथम तो माणूस शोधावा. होडीतला कोळी असेल, काठावरची गुराखीण असेल. तो सापडला की बाकीच्या चित्राचे माप आपोआप बदलते.

उदाहरणादाखल इंग्रज चित्रकार टर्नरचे एक चित्र घेतो. १८४१ साली तो स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्न सरोवराकाठी राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने समोरच्या रिगी डोंगराची तीन जलरंगचित्रे केली: एक निळ्या रिगीचे, एक लाल, एक काळसर. डोंगर तोच, सरोवर तेच. बदलला तो प्रहर. यांतले निळे चित्र पहाटेचे आहे. सूर्य डोंगरामागे आहे, अजून वर आलेला नाही. डोंगर एकच एक निळा, जवळजवळ वजन नसलेला. वर शुक्राची चांदणी, आणि खाली सरोवरावर उजळत चाललेला गारवा. डोळा या शांततेत स्थिरावतो न स्थिरावतो तोच खालच्या कडेला खळबळ दिसते. होडीतून कुणी बंदूक उडवली आहे, बदके फडफडून उठली आहेत आणि कुत्री पाण्यात झेपावली आहेत. पाण्यावर फुटलेले हे तरंग नसते, तर बाकीचे पाणी इतके स्थिर वाटले नसते.

जलरंगात पांढरा रंग शक्यतो वापरत नाहीत. कागदाचा कोरा पांढरेपणा हाच उजेड. टर्नर रंगाचे पातळ थर एकावर एक चढवी आणि उजेड हवा तिथे ते थर पुसून किंवा खरवडून खालचा कागद वर काढी. कलाशाळेतली मुले ‘वॉश’ आणि ‘टोन’ हे शब्द रोज वापरतात. त्या शब्दांची ताकद काय, ते या दीड फुटी कागदावर दिसते. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकाने ध्यानात घ्यावी. रिगी हा काही गगनाला भिडणारा हिमाच्छादित राक्षस नाही. त्याची उंची सुमारे १,८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर जास्त. त्याच्या अंगावर थरांच्या आडव्या रेषा आहेत, सह्याद्रीच्या कड्यांवर असतात तशा. टर्नरला भव्यता उंचीतून मिळाली नाही, ती हवेतून मिळाली. हे चित्र २००७ साली लंडनच्या टेट संग्रहालयाने विकत घेतले, तेव्हा पैसे कमी पडत होते म्हणून लोकांना आवाहन झाले आणि लोकांनी वर्गणी दिली. एका डोंगराच्या पहाटेसाठी वर्गणी देणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

इथे एक शंका हमखास येते: ते ठिकाण खरोखर तसे दिसते का? जर्मन चित्रकार फ्रिडरिश याने १८२४-२५ साली वाट्समान या आल्प्समधल्या शिखराचे भव्य चित्र केले. त्याने ते शिखर प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. त्याच्या विद्यार्थ्याने तिथे जाऊन केलेला अभ्यास त्याच्यापुढे होता, आणि पुढचे खडक त्याने दुसऱ्याच पर्वतरांगेतून आणून बसवले. तरीही चित्र खोटे वाटत नाही. या पिढीला ठिकाणाची नोंद करायची नव्हती, त्या ठिकाणापुढे माणूस गप्प का होतो ते दाखवायचे होते. त्यासाठी डोंगर थोडा सरकवणे, झाड इकडचे तिकडे करणे त्यांना मंजूर होते. म्हणून ‘हे कुठले?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे: प्रहर कोणता, ऋतू कोणता, वारा कुठून आहे?

आता आपल्या गावात येऊ. ज्या काळात युरोपात हे घडत होते, त्याच काळात मुंबई बेटावर एक स्कॉटिश चित्रकार पाणी आणि डोंगर रेखाटत फिरत होता. त्याचे नाव जेम्स वेल्स. जन्म १७४७, मुंबईत आगमन १७९१. मराठी वाचकाला तो वेगळ्या कारणाने परिचित असेल: पुण्यात सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांना समोर बसवून त्याने त्यांची चित्रे केली. सवाई माधवराव आपल्याला कसे दिसतात, ते बव्हंशी वेल्समुळे. पण व्यक्तिचित्रे हा पोटाचा धंदा होता. मला त्याचे खरे प्रेम मुंबईच्या बारा दृश्यांत दिसते. १७९१ आणि १७९२ साली घेतलेली ही दृश्ये तांब्याच्या पत्र्यांवर आम्लाने कोरून, छापून, हाताने रंगवलेली आहेत. वेल्स १७९५ साली वारला. दृश्यांचा पूर्ण संच १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्याची ठिकाणे पाहा: मलबार हिल, माझगावचे बेलमाँट, शीवचा किल्ला, घारापुरी, वरळीजवळचे लव्हग्रोव्ह. लव्हग्रोव्ह हे नाव आज वरळीला सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनमुळे माहीत आहे. वेल्स तिथून पाहत होता ते महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले खिंडार, ज्यातून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरत असे. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, तिथे बांध पूर्ण झाला. त्यालाच आपण हॉर्नबी वेलार्ड म्हणतो. वेल्स आला तेव्हा तो बांध नवा होता. बांधाच्या आतली ताडदेव-भायखळ्याकडची खाजणे अजून सुकलेली नव्हती. पावसाळ्यात ती भरून उथळ सरोवर होत असे. आज जिथे रेसकोर्स आहे आणि जिथे पुढे गिरण्यांची धुराडी उभी राहिली, त्या सखल भागाचे हे पाणी. लालबाग-परळच्या वाचकाने वेल्सकडे परक्या प्रवाशाची आठवण म्हणून पाहू नये. ते त्याच्या पायाखालच्या जमिनीचे चित्र आहे.

बेलमाँटवरून घेतलेल्या दृश्यांत जवळ ताडामाडांची झाडे आहेत, मग बंदराचे पाणी, मग पलीकडच्या किनाऱ्याचे डोंगर. रचना त्या काळच्या शिकवणीबरहुकूम आहे: कडेला झाड, पुढे सावली, मध्ये उजेड, शेवटी निळाई. विलायतेतला हा साचा वेल्सने सोबत आणला होता. त्याची परीक्षा झाली ती डोंगरांपाशी. आल्प्सचे चित्रण शिकलेल्या डोळ्याला टोक हवे असते. सह्याद्रीला ते बहुतेक ठिकाणी नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दगड झाला. त्यामुळे आपले डोंगर वर सपाट, बाजूला कातळकडा, अशा घडणीचे आहेत. मधूनच एखादा सुळका निघतो, कर्नाळ्यासारखा. अशा आडव्या डोंगराला चित्रात उभे करणे कठीण. तो शिखरासारखा नजरेला वर ओढत नाही, बाजूला पसरवतो. वेल्सने त्याला उगाच टोके काढली नाहीत, हे मला त्याचे मोठेपण वाटते. थॉमस आणि विल्यम डॅनिअल हे काका-पुतणेही १७९३ साली मुंबईत आले होते आणि त्यांची वेल्सशी गाठ पडली. त्यांची हिंदुस्थानची १४४ चित्रे जगभर गाजली, आणि ॲक्वाटिंट या छपाईतली त्यांची सफाई वेल्सकडे नाही. तरी मुंबईपुरते बोलायचे तर माझे मत वेल्सच्या बाजूने आहे. डॅनिअल मंडळींनी सारा देश पाहिला. वेल्स एका बेटाभोवती पुन्हा पुन्हा फिरला.

या शांत चित्रांबद्दल एक गोष्ट लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. ज्या १७९१-९२ साली ही दृश्ये घेतली गेली, त्याच सुमारास दख्खन आणि गुजरात भयंकर दुष्काळात होरपळत होते. रस्त्यांवर इतकी माणसे मेली, की लोकांनी त्याला कवट्यांचा दुष्काळ असे नाव दिले. चित्रांत त्याचा मागमूस नाही. कंपनीच्या गोऱ्या गिऱ्हाइकाला हवे होते ते बंगल्याच्या सज्जातून दिसणारे प्रसन्न बेट. सौंदर्य खरे आहे आणि त्याच्या चौकटीबाहेर काय राहिले तेही खरे आहे. दोन्ही माहीत असलेला प्रेक्षक चित्राला अधिक न्याय देतो.

वेल्सनंतर विल्यम वेस्टॉल आला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या मोहिमेवर चित्रकार म्हणून निघालेला, परतीच्या वाटेवर जहाज फुटून वाचलेला हा तरुण १८०४ च्या सुमारास मुंबईत होता, आणि घाटातही हिंडला. पुढे कॅप्टन ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानच्या दृश्यांचा ग्रंथ १८२६ ते १८३० या काळात काढला. ग्रिंडलेज बँकेचे नाव मुंबईकरांनी ऐकलेले असते. तोच हा ग्रिंडले. त्या ग्रंथात वेस्टॉलच्या हातचे एक चित्र आहे: मुंबई बंदरावर पावसाळा येतो आहे. वेल्सच्या चित्रात हवा निवांत आहे, ती डोंगर नीट दिसावा म्हणून. वेस्टॉलच्या चित्रात हवाच कर्ती आहे. आकाश खाली उतरले आहे, बंदरातल्या होड्यांना घाई झाली आहे, आणि सारे चित्र पुढच्या घटकेची वाट पाहते आहे.

लंडनच्या दिवाणखान्यात ग्रंथ उघडणाऱ्याला हे चित्र अद्भुत वाटले असेल. आपल्याला ते ओळखीचे आहे. मे महिन्याच्या शेवटी घामाने जीव नकोसा झालेला असतो, दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून उजेड विझत येतो, चौपाटीवरची वाळू उडते, गॅलरीतले कपडे काढायला घराघरांतून हाका सुरू होतात. या घटकेचा अनुभव गिरगावच्या प्रत्येक माणसाजवळ दरवर्षीचा आहे. रोमँटिक चित्रकार जिच्या मागे लागले होते ती भव्यतेची आणि भीतीची सरमिसळ आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. चित्रापुढे उभे राहिल्यावर आपण कलेत अडाणी आहोत या समजुतीने ती बाजूला ठेवतो, आणि तिथेच चित्र हातचे जाते. ती बाजूला ठेवू नका.

मराठी चित्रकारांनी ही दृष्टी आपलीशी केली ती बरीच पुढे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली. या काळात जे. जे.मध्ये शिकलेला कोल्हापूरचा एक मुलगा मुंबईत न रमता परत गेला आणि आयुष्यभर गावातली तळी रंगवत बसला. तो आबालाल रहिमान. राजर्षी शाहू महाराजांचा त्याला आश्रय होता. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट ही त्याची दुनिया. लहानशा कागदावर, रंगाच्या छोट्या छोट्या ठिपक्यांनी त्याने पाण्यावरचा उजेड असा पकडला आहे, की दिवसाची वेळ सांगता यावी. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात त्याने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तो वारला. मराठी मुलुखात तळ्याला कुणी नायक केले असेल, तर आबालालने. त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात रविवर्म्यांच्या शेजारी असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत मात्र रंगवायला तळी फारशी उरली नाहीत. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी: दक्षिण मुंबईचा माणूस पत्ता सांगताना रोज तळ्यांची नावे घेतो. १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले, मग तुळशी, मग तानसा. डोंगरांत नवी सरोवरे झाली आणि शहरातली तळी, काही नको झाली म्हणून, काही हिवतापाच्या धास्तीने, बुजवली गेली. गोवालिया टँकवर मैदान झाले आणि १९४२ साली त्या मैदानाने इतिहास घडवला. बाणगंगा राहिली. टेकड्याही खोदल्या गेल्या आणि त्यांच्या दगडमातीने खाजणे भरली. बेटाचे डोंगर बेटाच्या पाण्यात गेले, आणि त्या भरावावर आपण राहतो. म्हणून वेल्सची बारा दृश्ये आपल्याला दुहेरी पाहावी लागतात: चित्र म्हणून आणि पुरावा म्हणून. दोन्ही नजरा एका वेळी चालत नाहीत. आधी चित्र पाहावे. नकाशा घेऊन ठिकाण जुळवायचा मोह आवरता आला, तर पाण्याचा रंग कुठे बदलतो, प्रतिबिंब कुठे तुटते, डोंगराची कड कुठे आकाशात विरघळते, हे दिसू लागते. ते दिसले की मग खुशाल नकाशा उघडावा.

पुढच्या पानांवर प्रत्येक चित्राचा मथळा आणि माहिती मुद्दाम पाठपानावर ठेवली आहे. चित्र आधी, अक्षरे नंतर. घाईने पाने उलटू नयेत. एका बैठकीत दोन चित्रे पुष्कळ झाली. छपाईत मूळचे रंग थोडे हरवतातच, म्हणून जमेल तेव्हा अस्सल कागद आणि अस्सल कॅनव्हास पाहावेत. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेली युरोपी चित्रे आहेत. त्या दालनात गर्दी नसते, आणि कुणी हटकत नाही. जहांगीर कलादालनात एखाद्या तरुणाचे लँडस्केपचे प्रदर्शन असेल तर तिथेही जावे आणि त्याला प्रहर विचारावा. त्याला आनंद होईल.

आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले घरात असतील, तर एक विनंती आहे. त्यांना दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढायला लावण्याआधी, पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी माझगावच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात घेऊन जा. पूर्वेला तोंड करून उभे राहा. गोद्यांच्या क्रेनपलीकडे बंदराचे पाणी आहे, पाण्यात घारापुरी आहे, आणि हवा मोकळी असेल तर तिच्याही मागे सह्याद्रीची सपाट कड दिसते. तिथे मुलाच्या हातात कागद द्या आणि दिसते तसे काढू द्या.